कासरा धरणारा हात

“मामा, या हातानं पहिल्यांदा काय धरायचंय?”

समोरचे शेतकरी जरा थांबतात. उजवा हात मनगटाच्या चार बोटं वर तुटलेला, कडबाकुट्टीत गेला. “कासरा,” ते म्हणतात. “आन खुरपं. बाकीचं डाव्यानं होतंय बघा.” विद्यार्थिनी वहीत लिहून घेते: कासरा, खुरपं. दंडाची मापं ती त्यानंतर घेते.

कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यातलं करजगी. रविवार असल्यानं शाळा रिकामी आहे. वर्गातले बाक भिंतीला लावून अभियांत्रिकीच्या पोरापोरींनी तीन टेबलं मांडलीत: एकावर मापं, दुसऱ्यावर जोडणी, तिसऱ्यावर शेगडी आणि पाण्याचं पातेलं. व्हरांड्यातली माणसं कन्नडमध्ये बोलतात, मध्येच मराठीवर येतात, परत कन्नडकडं वळतात. नातीला घेऊन आलेली एक आजी दारातूनच विचारते, “अव्वा, पैसे किती पडतील?” आत बसलेली विद्यार्थिनी उठून बाहेर जाते, आजीला हाताला धरून आत आणते. “काही नाही पडत, आजी. बसा.”

जोडणीच्या टेबलावर एक हात सुटा पडलाय. तळवा, बोटांची पेरं, पेरं जोडणाऱ्या खिळ्या, मनगटावरचं कवच. पीएलए नावाच्या प्लास्टिकच्या तारेतून हे सगळे भाग थ्रीडी प्रिंटरवर रात्रभरात छापून निघालेत. एक विद्यार्थी मासेमारीची नायलॉनची दोरी बोटाच्या टोकातून ओवतो, पेरापेरांतून तळव्यावर आणतो आणि मनगटापलीकडं नेऊन बांधतो. आतलं खरं मनगट वाकलं की दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं मिटतात. मनगट सरळ केलं की रबर त्यांना उघडतं. बॅटरी नाही, मोटर नाही. पकड निसटू नये म्हणून बोटांच्या टोकांवर, नोटा मोजताना घालतात त्या रबरी टोप्या.

ही रचना कुणाही एकाच्या मालकीची नाही. दक्षिण आफ्रिकेतले सुतार रिचर्ड व्हॅन अ‍ॅस यांची बोटं 2011 मध्ये करवतीत गेली. विकतची कृत्रिम बोटं परवडेनात, तेव्हा यांत्रिक हात बनवणाऱ्या अमेरिकेतल्या आयव्हन ओवेन यांना त्यांनी गाठलं. दोघांनी मिळून बोटं घडवली, पुढं एका लहान मुलासाठी हात घडवला आणि 2013 मध्ये त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. त्याच वर्षी जॉन शल यांच्या पुढाकारानं ‘ई-नेबल’ हे स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. आपल्याकडं याला लागणारी जमीन तयारच होती. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथं 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीनं फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवायची डिजिटल कार्यशाळा, सुरू झाली. गावातला प्रश्न गावात बसून, हातानं वस्तू घडवून सोडवायचा, ही तिथली शिकवण या वर्गात मला डोळ्यांसमोर दिसतेय.

आजीच्या नातीला जन्मतःच डाव्या हाताची बोटं नाहीत. तळवा आणि मनगट शाबूत आहे, त्यामुळं हा हात तिला चालेल. तिच्यासाठी वहीत नोंद आहे: दोरीवरच्या उड्या. मनगटाचं कवच सपाट छापलेलं आहे. विद्यार्थी ते गरम पाण्यात सोडतो, मऊ झाल्यावर चिमट्यानं काढतो, तिच्या मापाच्या साच्यावर वळवतो आणि थंड होईपर्यंत दाबून धरतो. “साठ अंशांच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडतं, आजी. उन्हात ठेवायचं नाही. बंद गाडीत तर अजिबात नाही.” चाळिशी सहज ओलांडणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात ही सूचना हाताइतकीच महत्त्वाची आहे.

पोरगी हात चढवते, मनगट वाकवते. बोटं मिटतात. दोरीची मूठ मात्र पहिल्याच फेऱ्यात सुटते. कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी हळहळतही नाही. एक जण मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो, दुसरी दोऱ्यांचा ताण स्क्रूनं वाढवते. आता मूठ टिकते, पण पोरगी म्हणते, “मनगट दुखतंय.” वहीत तेही जातं. ताण पुन्हा थोडा सैल होतो. वर्षभरात तिचा तळवा वाढेल. तेव्हा संगणकावर आराखडा मोठा करून हात नव्यानं छापायचा, हे आजीला आत्ताच सांगितलं जातं.

शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. मनगटच नाही, तर मनगटानं चालणारा हात काय कामाचा? कोपराच्या वाकण्यावर चालणारा आराखडाही आहे, पण बैलाची ओढ या प्लास्टिकला झेपायची नाही. विद्यार्थी हे स्पष्ट सांगतात. त्यांनी मामांसाठी चामड्याची पट्टेदार खोळ आणलीय, टोकाला लोखंडी नटाची बैठक. तिच्यात खुरपं बसतं. ते काढून कासऱ्यासाठी बंद कडी बसते.

मामा कडी बघतात आणि मान हलवतात. “बैल उधळला तर? मला फरफटत न्यायचा की.”

वर्ग गप्प होतो. मग विद्यार्थिनी वही पुढं ओढते. “कसं पाहिजे, मामा?” मामा डाव्या हातानं हवेत आकडा काढतात: तोंड उघडं, झटका बसला की कासरा आपोआप निसटावा असा. ती तसाच आकडा कागदावर काढते आणि त्यांना दाखवते. ते बोटानं टोक थोडं सरळ करायला सांगतात.

माझ्या मते या वर्गातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे. जयपूरच्या रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला पाय देशभर गेला, कारण त्यात उकिडवं बसता येत होतं, अनवाणी चालता येत होतं, ओल्या रानात उतरता येत होतं. घडवणाऱ्यानं आधी जगणं पाहिलं. हाताच्या बाबतीत हे आणखी खरं, कारण प्रत्येक हाताचं काम निराळं. आणि स्वस्ताईचा खरा उपयोगही इथंच होतो. महागडा हात एकदाच मिळतो. जमला नाही तर फळीवर पडून राहतो. हा चुकला तर बदलता येतो, पुन्हा चुकला तर पुन्हा.

मात्र त्यासाठी कुणीतरी जवळ हवं. म्हणून दुपारी गावातल्या सायकल दुकानदाराला बोलावलंय. विद्यार्थी त्याला दोरी ओवायला, गाठ मारायला, रबर बदलायला शिकवतात. जास्तीच्या दोऱ्या, रबरं आणि स्क्रू डब्यात भरून त्याच्या हवाली करतात. तो दोन बोटांच्या दोऱ्या स्वतः ओवून बघतो आणि म्हणतो, “ब्रेकची तार बदलतो, तसंच हाय हे. पाठवा माझ्याकडं.”

विद्यार्थी नवा आकडा घडवून घेऊन पुढच्या महिन्यात येणार आहेत. तोवर दोरी तुटली, तर त्या पोरीला कलबुर्गी गाठायची गरज नाही. दुरुस्ती करजगीतच होईल, आणि दिलेला हात वापरात राहण्यासाठी हीच सोय सगळ्यात आधी हवी.