बाबांच्या पायांसाठी विणलेले मोजे

भिलाईच्या पावर हाउस मार्केटमध्ये थंडीची चाहूल लागली की लोकरीचे गुंडे दिसायला लागतात. पण इथे दुकानात जाऊन ‘लोकर द्या’ म्हटलं तर दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील. इथे ‘ऊन’ मागावं लागतं. नागपूरहून आलेल्या माझ्या मावशीने हे ऐकलं आणि म्हणाली, ‘‘अगं, भिलाईत ऊनसुद्धा विकत घ्यावं लागतं का?’’

आमच्याकडे थंडी असते जेमतेम दोन महिने. मग विणकामाचा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचाराल. मलाही बाबा हेच विचारायचे. त्यांच्याच पायांनी मला याचं उत्तर दिलं.

सुरुवात कशी झाली

माझं काम दिवसभर स्क्रीनसमोरचं. रात्रीही हात मोबाइलवरच. एक दिवस आईने तिच्या जुन्या सुया माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, ‘‘हाताला दुसरं काहीतरी काम दे.’’ सुलट आणि उलट, एवढे दोन टाके मी एका संध्याकाळी शिकले. सगळं विणकाम या दोन टाक्यांवरच उभं असतं. मफलर झाला, टोपी झाली. मग मी उत्साहाच्या भरात बाबांसाठी मोजे विणायला घेतले.

बाबांना मधुमेह आहे. बाजारच्या मोज्यांचं घट्ट इलास्टिक त्यांच्या पोटऱ्यांवर वळ उठवायचं. घरचे मोजे सैल, मऊ असतील असं मला वाटलं. ते होतेही तसेच. फक्त लोकर संपल्यावर मी नवा धागा गाठ मारून जोडला होता आणि ती गाठ नेमकी करंगळीखाली आली होती.

संध्याकाळी आईने मोजा काढला तर तिथे लालभडक फोड. बाबांना काहीच जाणवलं नव्हतं! मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, त्यामुळे टोचलेलं कळत नाही आणि छोटी जखमही चिघळू शकते. डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, फोड बरा झाला. मी मात्र सुया कपाटात टाकल्या. प्रेमाने केलेल्या वस्तूने बाबांना इजा झाली, हे मला सहन होत नव्हतं.

डॉक्टर काय म्हणाले

शेवटच्या तपासणीला मी घाबरत घाबरत विचारलं, ‘‘आता विणलेले मोजे बंद ना?’’ ते म्हणाले की मोजा घरचा की बाजारचा हा प्रश्न नाही. आत गाठ नको, जाड शिवण नको, वर घट्ट नको आणि रोज रात्री पाय तपासायचे. घरी येऊन मी तो मोजा उसवला. विणकामात हे एक बरं असतं, चूक उसवता येते आणि धागा पुन्हा वापरता येतो.

तुम्हीही विणणार असाल तर

* धागा पारखून घ्या : बाजारात बहुतेक धागा अॅक्रिलिकचा असतो. लहानसा तुकडा जपून जाळून बघा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मोज्यांसाठी लोकरीत थोडं नायलॉन मिसळलेला धागा टिकतो, टाच लवकर विरत नाही.

* सुया बारीक घ्या : आपल्याकडच्या जुन्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते. मी 12 नंबरच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या 5 सुया वापरते. चार सुयांवर टाके, पाचवीने विणायचं.

* आधी हिशोब, मग टाके : छोटा चौकोन विणून 1 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. माझे 3 बसतात. बाबांच्या पंजाचा घेर 22 सेंटिमीटर, म्हणजे 66 टाके. मोजा पायावर नीट बसावा म्हणून त्यातले साधारण दहावा हिस्सा कमी करायचे. झाले 60, प्रत्येक सुईवर 15.

* वरची कड सैल ठेवा : टाके ढिले घाला आणि दोन सुलट, दोन उलट असं विणा. ही वीण इलास्टिकशिवाय ताणली जाते.

* गाठ मारूच नका : नवा धागा जुन्यासोबत काही टाके दुहेरी विणा आणि हा जोड घोट्याच्या वर येऊ द्या.

* बोटांवर शिवण नको : शेवटी उरलेले टाके दोन सुयांवर समोरासमोर घ्या आणि शिवणाच्या सुईने एकमेकांत गुंफा. जोड हाताला लागतही नाही.

या शेवटच्या पद्धतीला इंग्रजीत किचनर यांचं नाव आहे, पहिल्या महायुद्धाच्या वेळचे ब्रिटनचे युद्धमंत्री. तेव्हा तिथल्या बायका सैनिकांसाठी मोजे विणत होत्या. आपल्याकडेही 1962 च्या युद्धात घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तर इजिप्तमधले लोकरीचे मोजे आहेत, इसवी सन 250 ते 420 या काळातले. त्यात अंगठ्यासाठी वेगळी जागा आहे, चप्पल घालता यावी म्हणून! पायाची काळजी किती जुनी आहे बघा.

हिशोब पैशांचा नाही

खरं सांगायचं तर घरचे मोजे स्वस्त पडत नाहीत. धाग्याच्या किमतीत बाजारातून दोन-तीन जोड्या सहज येतील. एका जोडीला मला पंधरा-वीस संध्याकाळी लागतात. पण बाजारातल्या मोज्याला माझ्या बाबांच्या पायाचं माप माहीत नसतं. मला आता ते पाठ आहे. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे, हेही विणतानाच कळलं.

दुसरी जोडी बाबांना देण्याआधी मी ती उलटी करून आतून बोट फिरवलं. मग आईने फिरवलं. मग बाबांनी स्वतः. पहिल्या दिवशी फक्त एक तास घातली, नंतर पाय बघितले. काही नव्हतं.

आता रोज रात्री मोजे काढले की बाबा स्वतःच पाय माझ्यासमोर धरतात आणि म्हणतात, ‘‘घे, तपास तुझं काम.’’

तुमच्या घरी कोणाचे पाय शेवटचे कधी बघितले होते तुम्ही? आज रात्री बघा. सुया उद्या हातात घेतल्या तरी चालतील.