इंजिन अचानक जाम झाले आणि कंपनी म्हणते, चूक तुमचीच!

चालत्या गाडीचे इंजिन अचानक जाम होते. ऑईलचा लाल दिवा क्षणभर लागतो, कधी तोही लागत नाही. खडखड आवाज येतो आणि गाडी रस्त्यातच उभी राहते. टोचन लावून ती अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली जाते. दोन-तीन दिवसांनी फोन येतो की इंजिन उघडून बघितले, ऑईल वेळेवर बदललेले नाही, त्यामुळे वॉरंटी लागू नाही. कधी ऑईलऐवजी 'पाणी गेले' असे कारण मिळते, तर कधी 'डिझेल भेसळीचे होते' असे. पाठोपाठ खर्चाचा अंदाज येतो आणि तो बहुतेक वेळा लाखाच्या घरात असतो.

आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथे गाडी ही हौस नसते. बँकेचे किंवा महामंडळाचे कर्ज काढून, मार्जिन मनी नातेवाइकांकडून उसने घेऊन तरुण टॅक्सी किंवा टेम्पो घेतात. इंजिन गेले की कमाई त्याच दिवशी थांबते, हप्ता थांबत नाही. अशा वेळी कार्यकर्त्यांना बोलावले जाते आणि आपल्या डोक्यात पहिला विचार निवेदनाचा आणि घोषणांचा येतो. शोरूमसमोर घोषणा दिल्या की मॅनेजर चहा पाजतो, इंजिन देत नाही. या भांडणाचा निकाल बहुतांशी पुराव्यावर लागतो, आणि तो पुरावा कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, कंपनीच्याच माणसांच्या हातात असतो. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वीचे दोन-तीन दिवस सर्वात महत्त्वाचे.

इंजिन कशाने गेले हे बऱ्याचदा त्याच्या आतल्या खुणांवरून कळते. पाणी ओढले गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला सापडतो, एअर फिल्टर ओला असतो, ऑईल दुधाळ दिसू शकते. टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटली असेल तर पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्ह आपटल्याच्या खुणा असतात. बेअरिंगला ऑईल मिळाले नसेल तर बेअरिंग जळून काळेनिळे पडते आणि ऑईलमध्ये धातूचा चुरा चमकतो. पण ऑईल का मिळाले नाही, हा प्रश्न पुढे उरतोच. जुन्या ऑईलचा गाळ साचला असेल तर बोट मालकाकडे जाते. ऑईल स्वच्छ आहे, गाळ नाही आणि तरीही बेअरिंग जळाले, तर ऑईल पंप, ऑईलच्या वाटा आणि कारखान्यातले काम यांच्याकडे बोट जायला हवे. इंजिन धुऊन पुसून ठेवले की हा फरक कायमचा जातो.

'ऑईल बदलले नाही' हे उत्तर किती सहज दिले जाते, हे कळण्यासाठी अमेरिकेतले एक प्रकरण माहीत असावे. ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या २.० आणि २.४ लिटर इंजिनांच्या बाबतीत २०११ नंतरच्या मॉडेलमध्ये बेअरिंग जळून इंजिन जाम होण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. देखभालीच्या पावत्या नाहीत, हे कारण देऊन अनेक मालकांचे दावे नाकारले गेले. सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. क्रँकशाफ्ट बनवताना राहिलेला धातूचा चुरा ऑईलची वाट अडवतो, हे तेव्हा पुढे आले. म्हणजे दोष अलाबामाच्या कारखान्यातला होता. २०१७ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्या परत बोलावाव्या लागल्या. ह्युंदाईतलेच अभियंते किम ग्वांग-हो यांनी कंपनी दोष पुरेसा उघड करत नाही, अशी माहिती अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेला दिली आणि त्यांना नोकरी गमवावी लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरची दंडात्मक कारवाई ठरली. पुढच्या वर्षी किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले. मालकांनी एकत्र येऊन केलेल्या दाव्यात इंजिनाच्या मुख्य भागावर आयुष्यभराची वॉरंटी मिळाली. वर्कशॉपच्या फोरमनला हे सगळे माहीत असेलच असे नाही. त्याच्यासमोर जळलेले बेअरिंग असते आणि कंपनीचा फॉर्म असतो. त्यामुळे त्याचे निदान हा अंतिम शब्द मानायचे कारण नाही.

आपल्याकडे मालकाने काय करावे? गाडी बंद पडली की पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये, त्याने नुकसान वाढते आणि कंपनीला आयते कारण मिळते. मीटरवरचे किलोमीटर, पेटलेले दिवे आणि ऑईलची पट्टी यांचे फोटो जागेवरच काढावेत. वर्कशॉपमध्ये जॉब कार्डवर काय लिहिले जाते ते वाचूनच सही करावी. 'चालू गाडी अचानक बंद पडली' एवढेच लिहायला लावावे, कारण लिहू देऊ नये. त्याच दिवशी डीलर आणि कंपनी या दोघांनाही ईमेल करावा : माझ्या हजेरीशिवाय इंजिन उघडू नये, काढलेले भाग जपून ठेवावेत, इंजिनाच्या कॉम्प्युटरचा स्कॅन रिपोर्ट द्यावा. त्या स्कॅनमध्ये बिघाडाच्या क्षणीचा वेग, तापमान आणि फॉल्ट कोड बऱ्याचदा मिळतात. चेंबरमधले ऑईल दोन स्वच्छ बाटल्यांत काढून सील करावे, दोघांच्या सह्या घ्याव्यात, एक बाटली स्वतःकडे ठेवावी. हा आपला साधा पंचनामाच. इंजिन उघडताना व्हिडिओ काढू देत नसतील तर तेही ईमेलवर नोंदवावे. वॉरंटी नाकारत असतील तर कारण लेखी मागावे. खर्चाच्या अंदाजावर घाईने सही करू नये, पैसे भरून दुरुस्तीला आपण मान्यता दिली, असा तिचा अर्थ लावला जातो.

सर्व्हिस बाहेर केली होती, असे म्हणत वॉरंटी नाकारली जाते तेव्हा बाहेरच्या गॅरेजची बिले आणि ऑईलच्या डब्याची पावतीही उपयोगी पडते. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे हा त्यातला मुख्य आक्षेप होता. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अटही आयोगाला मान्य नव्हती. त्यावर पुढे अपिले झाली. तरीही बाहेरच्या सर्व्हिसमुळे नेमका हाच बिघाड कसा झाला ते लेखी सांगा, असे विचारायला काहीच हरकत नाही. पावसाळ्यात 'पाणी गेले' म्हटले की विमा कंपनीकडे बोट दाखवतात. इंजिनासाठीचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर विमा कंपनी पुन्हा परत पाठवते. या चेंडूफळीत महिने जातात.

कायद्याबाबत एक गैरसमज आमच्या पाहण्यात वारंवार येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्व' असे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून तक्रारीत सगळे तेच लिहितात. पण त्या प्रकरणासाठी 'हानी'ची जी व्याख्या कलम २(२२) मध्ये आहे, तिच्यातून खुद्द वस्तूचे नुकसान वगळले आहे. गाडी हायवेवर बंद पडून अपघात झाला, कोणी जखमी झाले, तर ते प्रकरण लागू होते. नुसते इंजिन गेले असेल तर 'सदोष वस्तू' आणि 'सेवेतील त्रुटी' याच आधारावर तक्रार करायची. कलम ३९ खाली दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत आणि भरपाई मागता येते.

टॅक्सी म्हणजे व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही, हा कंपनीचा ठरलेला बचाव असतो. कलम २(७) च्या स्पष्टीकरणात याचे उत्तर आहे : स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी वापरात मोडत नाही. कर्जाचे कागद, परवाना, स्वतः गाडी चालवत असल्याचा पुरावा तक्रारीला जोडावा. चार गाड्या आणि चार ड्रायव्हर असतील तर हा मुद्दा अवघड होतो.

दोष सिद्ध कोणी करायचा? सुरुवातीचा भार तक्रारदारावरच असतो. पण तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोगाने योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्यावी, अशी तरतूद कलम ३८ मध्ये आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून अहवाल मागवा, असा अर्ज तक्रारीबरोबरच द्यावा. एप्रिल २०२२ मध्ये, अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाईविरुद्ध गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. धडकेचा जोर मोजण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असावा, ही अपेक्षा न्यायालयाने मान्य केली नाही. ते प्रकरण इंजिनाचे नव्हते, पण युक्तिवाद उपयोगाचा आहे.

दोन निकाल आपल्या विरुद्ध वापरले जातात. २००६ च्या मारुती उद्योगच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचे वचन असेल तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून नवी गाडी मागितली तरी पर्यायी मागणी म्हणून नवे इंजिन आणि बुडालेल्या कमाईची भरपाई जरूर लिहावी. दुसरा निकाल २०२१ चा, गोव्यातल्या ग्राहकाचा. डीलरने जुन्या मॉडेलची, आधी चाललेली गाडी दिली होती, पण टाटा मोटर्सवरची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली, कारण कंपनीचा त्यात काय दोष होता हे मांडले आणि दाखवले गेले नव्हते. त्यामुळे डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करावे आणि कोणाची चूक कोणती ते वेगवेगळे लिहावे.

गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. पाच लाखांपर्यंत फी नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवून पाहावी, काही कंपन्या तिथेच नरमतात. कायद्यात तपासणी लागणाऱ्या तक्रारीसाठी पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात वर्षे लागतात, हे मालकाला सुरुवातीलाच सांगावे.

इतकी वर्षे गाडी उभी ठेवणे गरिबाला परवडत नाही. मग स्वतंत्र सर्व्हेअर किंवा अभियंत्याचा लेखी अहवाल घ्यावा, 'हक्क राखून दुरुस्ती करत आहे' असे कंपनीला ईमेलने कळवावे, जुने भाग आपल्या ताब्यात घ्यावेत आणि गाडी रस्त्यावर आणावी. हप्ता थांबवू नये. बँक या भांडणात नसते, ती गाडी ओढून नेते आणि गाडीबरोबर पुरावाही जातो.

कार्यकर्त्यांचे काम यापुढचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार सुरक्षेला बाधक दोष असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावायला लावू शकते. पण त्यासाठी त्याच मॉडेलच्या ठरावीक संख्येने तक्रारी सरकारकडे जाव्या लागतात. एकट्याची तक्रार तिथे मोजली जात नाही. टॅक्सी स्टँडवर एक वही ठेवावी. गाडीचे मॉडेल, बनवल्याचे साल, बंद पडली तेव्हाचे किलोमीटर आणि कंपनीने दिलेले कारण, एवढी चार खाने पुरेत. एकाच मॉडेलच्या सात-आठ गाड्या साधारण त्याच किलोमीटरला जाम झालेल्या दिसल्या, तर सातही ड्रायव्हर ऑईल बदलायला विसरले, हे म्हणणे कंपनीला आयोगासमोर जड जाते.