बांधा, पण काच पडू देऊ नका

शेतकरी बंधूंनो, आंब्याच्या कलमाची पट्टी वेळेवर सोडली नाही तर खोडाला काच पडतो, हे तुम्ही जाणताच. माणसाच्या छातीचेही तसेच आहे.

जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली, पण स्वतः पुरुष आहेत, असे ट्रान्स पुरुष खेड्यातही असतात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अशांची ओळख मान्य केली. छाती सपाट दिसावी म्हणून काहीजण ती बांधतात. छाती मोठी असली की जास्त आवळण्याचा मोह होतो. धोका तिथेच आहे.

क्रेप बँडेज, चिकटपट्टी मुळीच वापरू नये. श्वास कोंडतो, बरगड्यांना इजा होते. यासाठी खास शिवलेला बाइंडर मिळतो. छातीच्या भरीव भागाचे माप टेपने घेऊन त्याच मापाचा घ्यावा. लहान मापाचा नको, एकावर एक दोन नकोत. मोठी छाती पूर्ण सपाट होत नाही. वरून सैल सदरा घातला की भागते.

8 तासांपेक्षा जास्त वेळ नको, झोपताना तर नकोच. खुरपणी, पोती उचलणे अशा कामांना बाइंडर काढून स्पोर्ट्स ब्रा घालावी. घामाने कातडी सोलवटते, म्हणून बाइंडर धुऊन पुरता वाळवावा. धाप लागली, दुखले, मुंग्या आल्या तर लगेच काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एकच विनंती. अशा पोराची टर उडवू देऊ नका. चेष्टेच्या भीतीनेच तो दिवसभर आवळून राहतो. कलम जपता, तसे त्यालाही जपा.