'स्वतः' आणि 'मी' : एका वाचकाचीं कांहीं मतें

पुस्तकांविषयीं आपणां सर्वांचीं मतें दोन प्रकारचीं असतात. एक चार माणसांत सांगण्याचें, आणि दुसरें पुस्तक मिटून दिवा मालवतांना मनांत येणारें. पहिल्या मताला समीक्षकांचा आणि पाठ्यपुस्तकांचा आधार असतो. दुसऱ्याला आपल्या अनुभवावांचून कोणाचाच नसतो. आज मी आपणांस सांगणार आहें तें दुसऱ्या प्रकारचें मत. मी समीक्षक नाहीं, साधी वाचक आहें. एकाद्या थोर ग्रंथाविषयीं माझ्या तोंडून उणें अक्षर गेलें, तर श्रोत्यांनीं मला क्षमा करावी, किंवा करूं नये. मत मात्र मी बदलणार नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत मीं जीं पुस्तकें वाचलीं, तीं बहुतेक जुनीं होतीं. त्यांचीं नांवें आपण शाळेपासून ऐकतों, त्यांना मान देतों आणि बहुधा तेवढ्यावरच थांबतों. ना. सी. फडके यांची 'दौलत' (१९२९) मीं अर्ध्यावर ठेवली. भाषा गुळगुळीत, प्रसंगांची बांधणी चोख. पण त्यांतील एकहि माणूस मला रात्रीं आठवला नाहीं. तो विषय तेवढ्यावरच संपला.

हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' मात्र पुरी वाचली, आणि तिनें मला छळलेंहि. १८९० सालीं हरिभाऊंनीं 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलें आणि त्यांत ही कथा १८९३ पर्यंत क्रमशः छापली. लेखकाचें वय त्या वेळीं तिशीच्या आंतलें. मधल्याच १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा झाला आणि सारें पुणें त्या वादानें तापलें होतें. अशा दिवसांत एका तरुण पुरुषानें यमू नांवाच्या मुलीच्या तोंडून, तिच्या स्वतःच्या शब्दांत, एक कल्पित आत्मचरित्र सांगावयास घेतलें, हें धाडस लहान नव्हे.

ह्या कादंबरीचा पूर्वार्ध मला अतिशय आवडला. यमूचें बाळपण, तिची मैत्रीण दुर्गी, भाऊ, आईचा धाक आणि आईची माया, हें सारें इतकें सहज उतरलें आहे कीं लिहिणारा पुरुष आहे ह्याचा विसर पडतो. पुढें लांबण लागते. दर आठवड्याचा मजकूर भरावयाचा असला म्हणजे लेखणी पसरते, त्याला इलाज नाहीं. माझा खरा आक्षेप निराळाच आहे, आणि तो शंकरमामंजींविषयीं आहे. हा गृहस्थ इतका सर्वांगीं दुष्ट आहे कीं त्याच्या सांवलींत बाकीचीं माणसें आपोआप निर्दोष होतात. यमूचा सुधारक नवरा मरतो, तिचें मुंबईचें लहानसें सुख मोडतें, आणि पुढें तिचें केशवपन होतें. त्या क्रौर्याचा दोष आपण शंकरमामंजींवर टाकून मोकळे होतों. रूढीला एक खलपुरुष मिळाला कीं रूढीची सुटका होते. ज्या घरांत कोणीहि दुष्ट नव्हतें, सर्व देवभोळीं आणि प्रेमळ माणसें होतीं, आणि तरीहि न्हावी बोलावला गेला, असें घर हरिभाऊंनीं दाखविलें असतें तर? तशीं घरें त्या काळीं थोडीं नसतील. असें असूनहि तो प्रसंग वाचल्यावर मी पुस्तक खालीं ठेवून बराच वेळ गॅलरींत जाऊन उभी राहिलें, हेंहि सांगितलें पाहिजे.

यमू ओरडून सांगते. तिचा आवाज कानांत घेऊनच मीं रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हातीं घेतलें. हें पुस्तक १९१० सालचें. ह्यांतील बाई कल्पित नव्हे. १८७३ सालीं न्यायमूर्ति माधवराव रानडे यांची पहिली पत्नी वारली. माधवराव विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. ते आतां विधवेशींच विवाह करतील अशी मित्रांची अपेक्षा. वडिलांच्या आग्रहापुढें ते नमले आणि त्याच वर्षीं त्यांनीं अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं लग्न केलें. ते स्वतः तेव्हां बत्तिशीच्या घरांत होते. त्यांनीं तिला शिकविलें, इंग्रजीहि शिकविलें, आणि त्या शिक्षणापायीं घरांतल्या बायकांचीं टोचून बोलणीं तिनें वर्षानुवर्षें सोसलीं. इकडे नवऱ्याची आज्ञा, तिकडे माजघराचा राग, आणि मध्यें ही लहान मुलगी.

हें सारें ती सांगते, पण ओरडत नाहीं. मी पानामागून पान उलटीत वाट पाहत होतें कीं आतां ही रागावेल, निदान एकदां तरी विचारील कीं ज्यांच्या मतांसाठीं मीं हें सोसलें त्यांनीं माझ्याशीं लग्न करतांना तीं मतें कोठें ठेविलीं होतीं. ती विचारीत नाहीं. आणखी एक गोष्ट मला सारखी खुपत होती. ह्या पुस्तकांत रमाबाई पतीचें नांव घेत नाहींत. त्यांचा उल्लेख त्या 'स्वतः' ह्या शब्दानें करतात. पतीचें नांव न घेण्याची चाल आपणांस नवी नाहीं. माझी आजी 'तिकडून' म्हणे, कोणी 'स्वारी' म्हणत. पण 'स्वतः' ह्या शब्दाची गोष्टच वेगळी. आपल्या आठवणी लिहितांना जो शब्द स्वाभाविकपणें आपल्या वांट्याला यावा, तोच बाईनें नवऱ्याला देऊन टाकिला. १९३८ सालीं ह्या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर निघालें त्याचें नांवहि 'हिमसेल्फ' असेंच आहे; भाषांतरकर्तीच्या डोळ्यांतहि हाच शब्द भरला असावा.

प्रामाणिकपणें सांगतें, पहिल्या वाचनांत मला ह्या पुस्तकाचा राग आला. आत्मलोपाचा इतका सुंदर नमुना पाहून आनंद मानावा असें मला कांहीं वाटेना. परंतु पुस्तक जेथें संपतें तेथें मी अडखळलें. माधवराव १९०१ सालीं वारले आणि रमाबाईंच्या आठवणी तेथेंच थांबतात. आतां हिशोब पाहा. हें पुस्तक निघालें तेव्हां माधवरावांना जाऊन नऊ वर्षें झालीं होतीं. त्या नऊ वर्षांत रमाबाई घरांत बसून नव्हत्या. पुण्याच्या सेवासदनाचें काम १९०९ सालीं त्यांच्याच पुढाकारानें सुरू झालें. म्हणजे अनेकांना हातीं धरून चालविणारी, सभांतून बोलणारी एक कर्ती बाई हें पुस्तक लिहीत होती. आणि त्या कर्त्या बाईविषयीं ह्यांत अक्षर नाहीं. पुढें १९२४ पर्यंत त्या जगल्या, पण ती कथा त्यांनीं ह्या पुस्तकाला जोडली नाहीं. हा विनय होता, कीं आपला असा एक कोपरा कोणाच्या डोळ्यांपुढें येऊं न देण्याचा निश्चय होता? मला दुसरें खरें वाटतें. पुरावा विचाराल तर माझ्याजवळ नाहीं.

ह्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' उघडलीं कीं बंद खोलीची खिडकी उघडल्यासारखें होतें. १९३४ ते १९३६ ह्या काळांत हीं चार भागांत निघालीं. शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्या चिरंजीवांनीं पुरा केला, आणि तो वाचतांना हात बदलल्याचें लगेच कळतें. लक्ष्मीबाई नवऱ्याला 'स्वतः' म्हणत नाहींत. सरळ 'टिळक' म्हणतात. कवि नारायण वामन टिळक : संतापी, उदार, विसराळू, हातीं आलेला पैसा घरापर्यंत न पोंचविणारे! लक्ष्मीबाई त्यांच्या फजित्या अशा सांगतात कीं हंसून पुरेवाट होते. ह्या हंसण्यामुळेंच पुस्तकाचा एक घात झाला आहे. 'किती गमतीदार पुस्तक!' असें म्हणून लोक तें मिटतात. त्यांत काय घडतें तें तरी पाहा. सोवळ्याच्या वेडानें पछाडलेले वडील. घरांत येणारी वस्तु धुतल्यावांचून पुढें जावयाची नाहीं, आणि त्या वेडाखालीं घरांतल्या बायका रात्रंदिवस राबत आहेत. पुढें १८९५ च्या फेब्रुवारींत टिळक मुंबईस ख्रिस्ती झाले. मागें राहिली ती जातीच्या घट्ट वेटाळ्यांतली एक बाई, पदरीं लहान मूल. कित्येक वर्षांची ताटातूट. अखेर १९०० सालीं तिनेंहि बाप्तिस्मा घेतला. पण त्याआधीं तिच्या मनांतील जातिभेद कसा गळून पडला तें ती जेथें सांगते, तीं पानें वाचावीं. नवऱ्याच्या मागून गेलेली बाई तेथें दिसत नाहीं. आपल्या पायांनीं, आपल्या वेळीं चालत आलेली दिसते.

लक्ष्मीबाई टिळकांना दोष देत नाहींत, हें खरें. पण त्या काय करतात? टिळकांचा भडकलेला संताप सांगतात, त्याच्या पाठोपाठ त्यांची माया सांगतात, आणि बाजूला होतात. निवाडा आपणांवर येऊन पडतो. यमूच्या पुस्तकांत हरिभाऊ सारखे आपल्या खांद्यावर हात ठेवून 'पाहिलेंत ना?' म्हणतात, लक्ष्मीबाईंना त्याची गरज पडत नाहीं. गद्य कसें लिहावें ह्यासाठीं कोणी मला एकच मराठी पुस्तक सुचवा म्हणालें, तर मी हेंच सुचवीन, फडक्यांचीं नव्हे.

पुरुष आपल्याविषयीं कसें लिहितात हें पाहावें म्हणून शेवटीं विश्राम बेडेकरांचीं दोन पुस्तकें वाचलीं. 'रणांगण' (१९३९) ही महायुद्धापूर्वींच्या एका बोटीवरची कथा. जर्मनींतून हांकललेली ज्यू तरुणी हॅर्टा, आणि हिंदुस्थानांत परतणारा चक्रधर. इतक्या थोड्या पानांत एवढें जग मराठींत क्वचितच आलें असेल. पण चक्रधराचें आपल्याच दुःखांत गुंतून राहणें मला सोसलें नाहीं. हॅर्टा मरते आणि तें मरण जणूं त्याच्या शोकाचा अलंकार होतें. ह्याच बेडेकरांनीं पुढें 'एक झाड आणि दोन पक्षी' (१९८४) हें आत्मचरित्र लिहिलें, तेव्हां मात्र 'मी' टाळून स्वतःचीच कथा परक्याची सांगावी तशी सांगितली. रमाबाईंनीं नवऱ्याला 'स्वतः' म्हटलें, बेडेकरांनीं स्वतःला 'तो' म्हटलें. दोघांनींहि पडदाच घेतला आहे. परंतु बेडेकरांचा पडदा त्यांनीं हौसेनें निवडला, रमाबाईंना तो अकराव्या वर्षीं हातीं देण्यांत आला होता.

म्हणूनच मीं रमाबाईंचें पुस्तक पुन्हा वाचावयास घेतलें आहे. ह्या वेळीं राग बाजूला ठेविला आहे. 'स्वतः' हा शब्द आला कीं समासांत पेन्सिलीनें लहानशी खूण करितें, आणि त्या शब्दाच्या आसपास ती स्वतः कोठें उभी आहे तें शोधतें. परवां एका पानावर अशा चार खुणा झाल्या. अजून निम्में पुस्तक वाचावयाचें राहिलें आहे.