दोन केबल जोडल्या म्हणजे बंदोबस्त झाला काय?

बिले, हिशेब, गोदामातील माल हे सारे आता संगणकावर आले आहे. संगणकांना जोडणारा स्विच बंद पडला की गिऱ्हाईक समोर उभे असते आणि बिल निघत नाही. म्हणून अनेक व्यापारी बंधू दुसरा स्विच व जादा केबल लावून निर्धास्त होतात. ही निर्धास्ती महागात पडू शकते.

दोन स्विच दोन केबलांनी जोडले की वर्तुळ तयार होते. सर्वांसाठी निघालेला संदेश त्यात फिरतच राहतो, वाढत जातो आणि काही क्षणांत सारे जाळे ठप्प होते. यावर रेडिया पर्लमन या संशोधिकेने १९८५ साली 'स्पॅनिंग ट्री' ही पद्धत शोधली. ती एक वाट चालू ठेवते व दुसरी अडवून धरते. पहिली तुटली की दुसरी उघडते. जुन्या पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ साली आलेल्या 'रॅपिड' पद्धतीत हे काम सहसा काही सेकंदांच्या आतच उरकते.

पण पद्धत आहे म्हणून काम भागत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस इस्पितळाचे जाळे नोव्हेंबर २००२ मध्ये सुमारे चार दिवस कोलमडले. तेथे पर्यायी वाटा नव्हत्या असे नाही. वर्षानुवर्षे स्विचला स्विच जोडत गेल्याने साखळी सात टप्प्यांची मर्यादा ओलांडून गेली होती. माहितीचा बोजा वाढताच स्पॅनिंग ट्रीचा ताळमेळ सुटला. डॉक्टरांना कागदावर औषधे लिहावी लागली आणि अहवाल माणसांकरवी पोहोचवावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, मग आपल्या पेढीचे काय?

तेव्हा काम करणाऱ्या तंत्रज्ञाला नेमके विचारा : मुख्य स्विच कोणता ठरवला? प्रत्येक स्विचचा प्राधान्य-आकडा मुळात ३२७६८ असतो. तो तसाच राहिला तर ज्याचा हार्डवेअर पत्ता सर्वांत लहान, तो स्विच मुख्य होतो. मग तो कोपऱ्यातला जुनाट डबा का असेना! मुख्य स्विचला ४०९६ व पर्यायी स्विचला ८१९२ असा आकडा द्यावा. बाजारातील स्वस्त स्विचमध्ये बहुधा ही सोयच नसते, हे खरेदीपूर्वी पाहावे. दोन्ही स्विचची वीज एकाच बोर्डावरून घेतली असेल तर दुसऱ्या स्विचचा पैसा अर्धा वाया गेला समजा.

शेवटी परीक्षा. जुम्म्याची किंवा जी सुट्टी असेल त्या दिवशी तंत्रज्ञाला बोलवा, एका संगणकावर बिल चालू ठेवा आणि मुख्य केबल उपटायला सांगा. बिल पुरे झाले तरच त्याचे उरलेले पैसे चुकते करा.