चित्रपुस्तक आणि पाठ : अमेरिकन गृहशिक्षणातील एका निवडीचा वाङ्मयीन विचार

पाच वर्षांच्या मुलाला शाळेत न पाठविता घरीच शिकवावयाचे ठरविणाऱ्या अमेरिकन पालकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अभ्यासक्रमाच्या निवडीचा. तयार मिळणाऱ्या अभ्यासक्रमांपैकी एक गट चित्रपुस्तकांवर आधारलेला आहे. वरवर पाहता ही निवड शिक्षणशास्त्राच्या कक्षेतील वाटते. खर्च किती, रोज वेळ किती द्यावा लागेल, मुलाला अक्षरओळख होईल की नाही, एवढाच तिचा व्याप दिसतो. परंतु असा प्रत्येक अभ्यासक्रम वाचनाची एक विशिष्ट रीत गृहीत धरून चालतो, आणि ती रीत कोणती हे पारखणे हे मूलतः समीक्षेचे काम होय. साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नाकडे वळावे ते याच कारणासाठी.

अमेरिकेतील आधुनिक गृहशिक्षणाला दोन प्रवाह येऊन मिळाले. एक शाळेवर टीका करणाऱ्यांचा. जॉन होल्ट यांनी 1977 मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले ते या प्रवाहातले. दुसरा धार्मिक कुटुंबांचा; तो 1980 नंतरच्या दशकात वाढला. 1993 पर्यंत गृहशिक्षण सर्व राज्यांत कायदेशीर झाले होते, आणि 1999 च्या सरकारी पाहणीत घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या सुमारे साडेआठ लाख आढळली. चित्रपुस्तकांवर आधारलेल्या अभ्यासक्रमांमागील वैचारिक आधार मात्र बहुधा इंग्लंडमधल्या शार्लट मेसन (1842–1923) यांच्याकडून आलेला असतो. ‘होम एज्युकेशन’ (1886) या ग्रंथापासून त्यांनी दोन गोष्टी आग्रहाने मांडल्या. मुलांच्या हाती माहितीचे चुरगाळलेले तुकडे न देता जिवंत पुस्तके द्यावीत, ही पहिली. ऐकलेले मुलाने आपल्या शब्दांत सांगावे, मध्ये शिक्षकाची बडबड नसावी, ही दुसरी. सूझन शेफर मकॉली यांच्या 1984 मधील ‘फॉर द चिल्ड्रेन्स सेक’ या पुस्तकामुळे हे विचार अमेरिकन पालकांत पुन्हा चर्चिले जाऊ लागले. येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. मेसन यांच्या मते सहा वर्षे पुरी होण्यापूर्वी औपचारिक पाठ मुळीच नसावेत. आणि त्यांचे नाव घेऊन पाच वर्षांच्या मुलासाठी आठवड्याचे वेळापत्रक विकले जाते.

मेसन यांच्यासमोर होते ते प्रामुख्याने कथनात्मक गद्य. आज चित्रपुस्तक म्हणून जो वाङ्मयप्रकार ओळखला जातो तो अमेरिकेत साधारणतः वांडा गाग यांच्या ‘मिलियन्स ऑफ कॅट्स’ (1928) पासून रूपास आला. या प्रकारात चित्र शब्दांना सजवीत नाही. अर्थ दोहोंच्या मधल्या जागेत आणि पान उलटण्याच्या क्षणी घडतो. पॅट हचिन्स यांचे ‘रोझीज वॉक’ (1968) हे याचे नमुनेदार उदाहरण. शब्दांची संहिता म्हणजे अवघे एक वाक्य : एक कोंबडी फिरावयास निघते, निरनिराळ्या ठिकाणांवरून जाते आणि जेवणाच्या वेळेला परत येते. चित्रांत मात्र तिच्या पाठोपाठ एक कोल्हा आहे, आणि तो प्रत्येक वेळी फजीत होतो. शब्दांत कोल्ह्याचा उल्लेखच नाही. ऐकणाऱ्या मुलाला निवेदकापेक्षा अधिक ठाऊक असते, आणि हे आपल्याला अधिक ठाऊक आहे याचा त्याला आनंद होतो. उपरोधाचा इतका शुद्ध अनुभव पाच वर्षांच्या वाचकाला अन्य कोणत्या प्रकारात मिळत असेल, हे सांगणे कठीण आहे. मॉरिस सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (1963) मध्ये चित्रे पानागणिक मोठी होत जातात, शब्दांना बाजूला सारतात, मधल्या तीन जोडपानांवर शब्द उरतच नाहीत. आणि शेवटच्या पानावर चित्र नसते, केवळ शब्द असतात. मॅक्सचा राग आणि त्याचे शमन हे सारे पानाच्या रचनेतच सांगितलेले आहे.

आता या कृतींचा पाठ होतो तेव्हा काय घडते? या प्रश्नासाठी लुईझ रोझेनब्लाट यांची मांडणी उपयुक्त ठरते. ‘द रीडर, द टेक्स्ट, द पोएम’ (1978) या ग्रंथात त्यांनी वाचनाच्या दोन भूमिका सांगितल्या आहेत. एकीत वाचकाचे लक्ष वाचून झाल्यावर हाती काय उरेल याकडे असते. तिला ‘फललक्ष्यी’ म्हणता येईल. मुलाने विषारी द्रव प्यायल्यावर आई बाटलीवरची उपाययोजना वाचते, ती या रीतीने. दुसरीत लक्ष असते ते वाचत असताना जे घडते त्याकडे, ती ‘आस्वादलक्ष्यी’. या भूमिका म्हणजे दोन बंद कप्पे नव्हेत, एका रेषेची दोन टोके आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले आहे. 1980 मध्ये त्यांनी एका लेखाला शीर्षकच दिले ते एका पाठ्यपुस्तकी प्रश्नाचे : ही कविता तुम्हांला कोणती तथ्ये शिकविते? त्या प्रश्नाने कविता मुलाच्या हातून निसटते, असा त्यांचा आक्षेप होता. मराठी बालसाहित्यविचारात बोध आणि रंजन ही जोडी दीर्घकाळ वापरली गेली आहे. तिच्यातील अडचण अशी, की ती दोन्ही गुण कृतीतच शोधते. रोझेनब्लाट तो भेद वाचनाच्या कृतीत नेतात. त्यामुळे तेच पुस्तक सोमवारी कलाकृती आणि गुरुवारी गणिताचे साहित्य कसे होऊ शकते, याचा उलगडा होतो.

हा सोमवार-गुरुवार केवळ कल्पनेतला नाही. जेन क्लेअर लॅम्बर्ट यांच्या ‘फाइव्ह इन अ रो’ (1994) या अभ्यासक्रमाचा गाभाच तो आहे. एक चित्रपुस्तक सलग पाच दिवस मोठ्याने वाचावयाचे, आणि प्रत्येक दिवशी वाचनानंतर एका विषयाची चर्चा करावयाची : समाजशास्त्र, भाषा, चित्रकला, व्यावहारिक गणित, विज्ञान. त्याच्या पहिल्या खंडात मार्जरी फ्लॅक यांचे, कर्ट वीझ यांच्या चित्रांचे, ‘द स्टोरी अबाउट पिंग’ (1933) हे पुस्तक आहे. यांगत्से नदीवरच्या नावेत राहणारे हे बदकाचे पिल्लू संध्याकाळी सर्वांत शेवटी परतल्यास फटका बसेल या भीतीने लपून राहते आणि हरवते. पिंगचे आईबाप, भावंडे, मावश्या-आत्या, काका-मामा आणि चुलत-मावस भावंडे यांची मोजदाद कथेत येते. बेरीज 67 भरते. गणिताच्या दिवसाला याहून सोयीचे काय असणार? परंतु ही यादी कथेत पालुपदासारखी परत येते, आणि तिचे काम संख्या सांगण्याचे नाही. इतक्या जणांत आपण एक आहोत या सुरक्षिततेची ती लय आहे. पिल्लू हरवते तेव्हा ती लय तुटते आणि परतते तेव्हा जुळते. तिची बेरीज मांडली की ती लय संपते. याच पुस्तकात नावेवरच्या मुलाच्या पाठीला पिंप बांधलेले आहे. ते का, या प्रश्नातून वस्तू पाण्यावर तरंगण्याचा विषय निघाला तर कथेला इजा होत नाही, कारण तो प्रश्न ऐकणाऱ्या मुलाला स्वतःलाच पडलेला असतो. एकाच पुस्तकातून निघालेले हे दोन पाठ, परंतु एक बाहेरून लादलेला आणि दुसरा आतून उगवलेला.

यावरून निवडीचा एक निकष हाती येतो. मार्गदर्शिकेतील एखादा पाठ घ्यावा आणि त्या पुस्तकाच्या जागी त्याच विषयावरचे दुसरे कोणतेही पुस्तक ठेवून पाहावे. पाठ जसाच्या तसा चालला तर पुस्तक निमित्तमात्र आहे असे समजावे. दर आठवड्याला एक अक्षर आणि त्या अक्षराने सुरू होणाऱ्या प्राण्याचे एक पुस्तक, अशी आखणी असलेले अभ्यासक्रम या कसोटीला टिकत नाहीत. रॉबर्ट मॅक्लॉस्की यांच्या ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’ (1941) चे उदाहरण उलट बाजूचे आहे. बदकांचे जोडपे घरट्यासाठी जागा शोधत उडते तेव्हा बॉस्टन शहर वरून दिसते. ती जमिनीवर उतरून चालू लागतात तेव्हा तेच शहर पिल्लांच्या उंचीवरून दिसते आणि मोटारींची चाके अक्राळविक्राळ होतात. येथून नकाशाकडे जाणारा पाठ हा दृष्टिबिंदूचाच पाठ आहे. बदकांवरच्या दुसऱ्या पुस्तकाने तो साधणार नाही.

या निकषावर ‘फाइव्ह इन अ रो’ संमिश्र ठरतो, हे वरील चर्चेवरून दिसतेच. तरी त्याच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे : पुनर्वाचन. पाठ बाजूला ठेवले तरी तेच पुस्तक पाच वेळा वाचले जाते, आणि ‘रोझीज वॉक’सारख्या कृतीचा कोल्हा एकदा दिसल्यावरच पुढच्या वाचनाची खरी मौज सुरू होते. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या 2011 मधील प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या कथांपेक्षा त्याच कथा पुन्हा पुन्हा ऐकताना नवे शब्द अधिक चांगले आत्मसात झाले. 1990 मध्ये सुरू झालेली ‘सॉनलाइट’ ही ख्रिस्ती संस्था पुस्तकांचे संच आणि दिवसवार वेळापत्रक एकत्र पुरविते. पुस्तके पुष्कळ, निवड कसोशीची, परंतु वेळापत्रकाचा स्वभावच पुढे सरकण्याचा असतो. रेंगाळणाऱ्या मुलाची त्यात अडचण होते. मेसन यांच्या विचारांवर उभा असलेला ‘अँबलसाइड ऑनलाइन’ हा विनामूल्य उपक्रम सहा वर्षांखालील मुलांसाठी पुस्तकांची यादी देतो. साहित्याच्या दृष्टीने हे सर्वांत प्रामाणिक म्हणावे लागेल. मात्र सारा भार वाचून दाखविणाऱ्यावर पडतो, आणि सर्वच पालकांना तो पेलेल असे नाही.

अक्षरओळखीचा प्रश्न मात्र या सर्वांपासून वेगळा ठेवणे हिताचे आहे. इंग्रजी लेखनात ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध गुंतागुंतीचा आहे, त्यामुळे तो क्रमाने शिकवावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने 2000 मधील अहवालात पद्धतशीर ध्वनी-अक्षर शिक्षणाची उपयुक्तता मान्य केली. चित्रपुस्तकाची भाषा अशा क्रमाने रचलेली नसते. ती मोठ्याने वाचली जाण्यासाठी असते. लॅम्बर्ट यांच्या अभ्यासक्रमालाही वाचन आणि गणित यांचे शिक्षण बाहेरून जोडावे लागते. ही त्याची उणीव मानण्याचे कारण नाही. सेंडॅकच्या वाक्यातील शब्द बोट ठेवून फोडावयास लावणारा अभ्यासक्रम अधिक परिपूर्ण दिसतो. त्यात मुलाचे वाचनही सुटे होत नाही आणि मॅक्सही हरवतो.

अमेरिकेतील मराठी भाषक घरात हीच पुस्तके वाचली जातात तेव्हा आणखी एक गोष्ट उघड होते. ‘रोझीज वॉक’वरून इंग्रजी शब्दयोगी अव्ययांचा पाठ सहज काढता येतो, आणि तो काढण्याचा मोहही होतो, कोंबडी प्रत्येक ठिकाणी नव्या अव्ययानिशी जाते. आई तेच पुस्तक पाने उलटीत मराठीतून सांगू लागली की नामाआधी येणारी ती अव्यये नाहीशी होतात. त्यांच्या जागी नामामागे लागणारे ‘-तून’, ‘-भोवती’, ‘-खालून’ येतात, आणि त्यांच्याबरोबर नामाचे सामान्यरूपही. व्याकरणाचा पाठ पूर्ण बदलतो. कोल्हा मात्र होता तेथेच असतो, आणि मूल त्याच्याकडेच बोट दाखविते.