'मराठी'त अक्षरं किती?

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली की उत्तर येतं 5. पहिलीतलं मूल बोटं मोडून तीन म्हणेल: म, रा, ठी. पण युनिकोडमध्ये म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे आणि पायथन तेच क्रमांक मोजतो. हाच शब्द उलटा करायला सांगा, 'ीठारम' मिळेल! रचा काना ठला चिकटला आणि वेलांटी निराधार झाली.

प्रोग्रॅमिंग नुकतंच शिकू लागलेल्यांनी आपल्या छोट्या लायब्ररीतलं पहिलं फंक्शन इथेच लिहावं. शब्दातल्या चिन्हांवरून एकेक करत पुढे जायचं. काना, मात्रा, वेलांटी, उकार किंवा अनुस्वार भेटला की तो आधीच्या अक्षराला जोडायचा. पाय मोडल्याची खूण दिसली तर पुढचं व्यंजनही त्याच अक्षरात घ्यायचं. नियम एवढाच, कोड जेमतेम दहा-बारा ओळींचा. आता 'ज्ञानेश्वर' देऊन बघा. पायथनच्या लेखी चिन्हं 10, आपलं फंक्शन सांगतं 4: ज्ञा, ने, श्व, र. मग 'अर्थात्' द्या, रिकामा शब्दही द्या. खरी परीक्षा अशा कडेच्या उदाहरणांवर होते.

दुसरं फंक्शन रकमेत स्वल्पविराम घालणारं: उजवीकडचे तीन अंक आधी, मग दोन-दोन, 12345678 चे झाले 1,23,45,678. तिसरं लीप वर्षाचं. 4 ने भाग जातो एवढंच तपासलं, तर ते 1900 ला फसेल. शतकी वर्षाला 400 ने भाग जावा लागतो, म्हणून 2000 लीप, 1900 नाही. तिन्ही फंक्शनं एका फाइलमध्ये ठेवली की पुढच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये एका ओळीत इम्पोर्ट होतात. चूक सापडली तर दुरुस्ती एकाच जागी.

ही युक्ती जवळजवळ संगणकाइतकीच जुनी. केंब्रिज विद्यापीठात 1949 मध्ये एडसॅक हा संगणक सुरू झाला, तेव्हा अशी तयार फंक्शनं भोकं पाडलेल्या कागदी फितींवर कपाटात ठेवलेली असत. हवी ती फीत काढायची आणि आपल्या प्रोग्रॅमच्या फितीवर तिची नक्कल उतरवायची. पण काम संपल्यावर संगणकानं परत नेमकं कुठे यायचं? तिथल्याच डेव्हिड व्हीलर यांनी ती परतीची वाट शोधली. आज आपण फंक्शनला हाक मारतो, ते उत्तर घेऊन हाक मारली त्याच जागी परत येतं, आणि त्यात काही नवल आहे हे आपल्याला जाणवतही नाही.

'श्व' हे एकच अक्षर, हे आपल्याला कुणी नियम करून शिकवलं नव्हतं. वाचता वाचता ते अंगवळणी पडलं. फंक्शन लिहायला बसल्यावर तो नियम पहिल्यांदाच शब्दांत मांडावा लागतो. आणि पडद्यावर 5 च्या जागी 3 उमटतो, तेव्हा आपल्याला नकळत येत असलेली गोष्ट संगणकालाही आलेली असते.